उस्ताद, पिट्टू कधी चढवू?

साल २०२१. या महिन्यात पत्रं भरपूर आली आणि निम्म्याहून जास्त एकाच विषयावर. लॉकडाऊन, सुट्टी, कोरोना आणि प्रमोशनची दौड. मी २०१२ साली सुभेदार म्हणून पेन्शनीत आलो. पलटणीत माझं मुख्य काम पीटी उस्तादाचं, त्यामुळे गावात आजही लहानथोर मला उस्तादच म्हणतात. संपादकांनी या सदरालाही तेच नाव दिलं. जे सांगतो ते ग्राउंडवर बघून सांगतो. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांकडे कधी जायचं तेवढं मात्र मला नीट कळतं, आणि ते मी एकदा पडून शिकलो.

प्रश्न: जय हिंद उस्ताद. मी पायदळात नाईक आहे, वय ३१, गाव माण तालुक्यात. एप्रिलमध्ये वडिलांच्या आजारपणासाठी सुट्टीवर आलो. मे महिन्यात घरात तिघं पॉझिटिव्ह निघालो, त्यात मी. दवाखान्यात भरती व्हावं लागलं नाही. सतरा दिवस घरीच होतो, ऑक्सिजन एकदा ९३ पर्यंत उतरला होता. खोकला जूनच्या पहिल्या आठवड्यात गेला. जुलैच्या मध्यावर हजर व्हायचंय, तिथं चौदा दिवस वेगळं ठेवणार. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हवालदार कॅडर (बढतीचा कोर्स) आहे आणि त्याआधी बीपीईटी, म्हणजे सामानासह दौड, रस्सी, खड्डा अशी लढाऊ चाचणी. मागच्या वर्षी माझी पाच किलोमीटरची वेळ साडेपंचवीस मिनिटं होती. काल बिगर सामानाची तीन किलोमीटर पळालो, एकोणीस मिनिटं लागली, शेवटी बांधावर बसावं लागलं. पिट्टू (पाठीवरची सामानाची पिशवी) घालून सराव कधी सुरू करू? आणि मला कोरोना झाला होता हे तिकडं सांगू की नको? मेडिकल कॅटेगरी (तब्येतीचा दर्जा) खाली गेली तर कॅडर जाईल, असं सगळे म्हणतात.

उत्तर: मासिक महिन्यातून एकदा निघतं, तुझी सुट्टी तेवढी थांबणार नव्हती. म्हणून पत्र मिळाल्याच्या संध्याकाळीच तुला फोन केला होता. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा तू विलगीकरणाच्या खोलीतून नुकता बाहेर आला असशील. आपण जे बोललो ते इथं लिहितोय, कारण तुझ्यासारखी आणखी अकरा पत्रं माझ्यासमोर पडली आहेत.

आधी शेवटचा प्रश्न. सांगायचं. पहिल्याच दिवशी, एमआय रूममध्ये (पलटणीच्या दवाखान्यात), आरएमओ साहेबांना, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरांना. कधी पॉझिटिव्ह आलास, ताप किती दिवस होता, ऑक्सिजन किती उतरला, कोणती औषधं घेतलीस, सगळं. रिपोर्टचा कागद बरोबर घेऊन जा. या आजारात कधी कधी हृदयाच्या स्नायूला सूज राहते आणि बसल्या जागी ती कळत नाही. ती कळते जोर लावल्यावर. पाच किलोमीटर, पाठीवर पिट्टू, हातात रायफल, हा जोर लहान नाही. ईसीजी काढून घ्यायला मिनिटं लागतात.

कॅटेगरीची भीती मला माहीत आहे. ती मी स्वतः पोसली होती. १९९५ सालची गोष्ट. माझा हवालदार कॅडर तोंडावर होता आणि अंगात ताप होता. टायफॉइड होता हे मागून कळलं. तेव्हा मी काय केलं? सकाळी क्रोसिन घ्यायचो आणि फालिनला (हजेरीच्या रांगेत) उभा राहायचो. एमआय रूमच्या दारावरून जाताना मान खाली. रेताड मुलूख, मार्चचा शेवट, दौड पहाटे होती तरी उकडत होतं. साडेतीन किलोमीटरपर्यंत मी पुढच्या टोळीत होतो, तेवढं आठवतं. चौथ्या किलोमीटरला एक बाभळ होती, तिच्याकडे बघत पळत होतो. त्यानंतरचं आठवतं ते सलाइनची बाटली आणि माझ्या बुटांच्या नाड्या सोडणारा एक पोरगा. जी कॅटेगरी वाचवायला मी पळालो ती तर गेलीच, वर तीन आठवडे दवाखान्यात. माझ्या बरोबरीच्या जोडीदाराने माझ्याआधी वर्षभर हवालदाराची तिसरी फीत लावली. आम्ही दोघं पेन्शनीत आलो तरी कॅन्टीनच्या रांगेत तो मला अजून म्हणतो, “सिनियर आहे मी, मागं हो.”

मी ताप लपवला नसता तर पंधरा दिवस दवाखान्यात आणि पुढचा कॅडर, एवढ्यावर भागलं असतं.

आता पिट्टू. तू फोनवर म्हणालास की लडाखचा टर्म केलाय. मग तुला समजावणं सोपं आहे. वर जाताना काय करतात? ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस. पहिले दोन दिवस आराम, नुसतं आजूबाजूला फिरणं. मग सपाटीवर हळू चालणं, मग थोडा चढ. तिथून १५,००० फुटांपर्यंत चार दिवस. त्याच्याही वर जायचं असेल तर आणखी चार. किती का मोठा साहेब असेना, घाई आहे म्हणून सहाचे तीन दिवस कुणी करत नाही. हवा विरळ आहे, रक्ताला वेळ लागतो, हुकूम काढून तो वेळ कमी होत नाही. बेरीज करून बघ: सहा, चार, चार. चौदा. विलगीकरणाचे दिवसही चौदाच. योगायोगच आहे, पण मला तो लक्षात ठेवायला बरा वाटतो.

कोरोनानंतरच्या दौडीचं तेच समज. तू माणमध्ये समुद्रसपाटीपासून फार उंचावर नाहीस, पण तुझ्या छातीला सध्या वाटतंय की आपण वर आलोय. म्हणून टप्पे घालायचे.

विलगीकरणात पळायचं नाही, आणि खोलीत जागच्या जागी उड्याही मारायच्या नाहीत. पोरं तेच करतात. १७ एप्रिल २०२० ला बेंगळुरूहून फौजेची खास गाडी निघाली होती, बेळगाव, सिकंदराबाद, अंबाला करत जम्मूला. आपल्याकडची बरीच पोरं तिच्यातून गेली. माझा भाचा त्यातलाच. चौदा दिवस खोलीत कंटाळून त्याने रोज पाचशे बैठका काढल्या, आणि बाहेर आल्यावर पहिल्याच दौडीत पोटरीचा स्नायू धरला. त्याला कोरोना झालाही नव्हता. नुसतं शरीर एका जागी बसलं होतं.

खोलीत तू हे कर. सकाळी उठण्याआधी, पडल्या पडल्या, मनगटावर नाडी मोज आणि वहीत लिही. आठवडाभरात तुला तुझा आकडा कळेल. ज्या दिवशी तो नेहमीपेक्षा दहाने जास्त भरेल त्या दिवशी आराम, कुणी काही म्हणो. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर मिळालं तर सहा मिनिटं सपाट जागी नेहमीच्या चालीने चाल आणि चालण्याआधीचा व नंतरचा आकडा बघ. ९३ च्या खाली गेला किंवा तीनपेक्षा जास्त उतरला तर डॉक्टर. आपल्या आशाताई गावात घरोघर हेच करून घेत होत्या, तुझ्या आईला विचार. बाकी दीर्घ श्वास, सूर्यनमस्कार संथ गतीने, आणि व्हरांडा मिळाला तर चालणं.

बाहेर आल्यावर आणि आरएमओनं हो म्हटल्यावर पहिला आठवडा फक्त चालायचं, पाच किलोमीटरपर्यंत, मोकळ्या अंगाने. दुसऱ्या आठवड्यात थोडं पळ, थोडं चाल. गती किती ठेवायची? जोडीदाराशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे एवढी. जोडीदार नसेल तर हरिपाठातला एक अभंग म्हण. ओळीच्या मध्येच दम घ्यावा लागला तर गती जास्त झाली. (माझा एक हवालदार गवळण म्हणत पळायचा, आख्ख्या टोळीचा दम हसण्यात जायचा.) तिसऱ्या आठवड्यात २.४ किलोमीटर सलग. पीपीटी या दुसऱ्या शारीरिक चाचणीलाही तेवढंच पळायचं असतं, तेव्हा ती सवय फुकट जाणार नाही. चौथ्यात पाच किलोमीटर, कॅनव्हास शूजवर, घड्याळ न बघता. पाचव्यात बूट. सहाव्यात रिकामा पिट्टू, मग त्यात थोडं थोडं वजन. पूर्ण सामान आणि हत्यार घेऊन दौड शेवटच्या तीन आठवड्यांतच, आणि तीही आठवड्यातून दोनदाच. ऑगस्टच्या सुरुवातीपासून मोजलंस तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत नऊ आठवडे भरतात. गणित बसतं, पण काठावर बसतं. मधे एखादा आठवडा मागं यावं लागलं तर यायचं.

छातीत दुखलं, धडधड थांबेना, डोळ्यांपुढं अंधारी आली, यातलं एक जरी झालं तरी त्या दिवसाची दौड तिथंच संपली. बांधावर बसून बरं वाटलं म्हणून पुन्हा उठायचं नाही. काल तू तेच केलंस ना? फोनवर गप्प राहिलास, त्यावरून मी समजलो.

आणि एक. ऑक्टोबरपर्यंत जमलं नाहीच तर कंपनीच्या सिनियर जेसीओंकडे (सुभेदार साहेबांकडे) जाऊन लेखी अर्ज कर, मेडिकलचे कागद जोडून. सिनियॉरिटीचं काय होणार हे तुला रेकॉर्ड ऑफिसकडून लेखी आलेलं बरं. चहाच्या टपरीवरचे सल्लागार आणि माझ्यासारखे पेन्शनर या बाबतीत बिनकामाचे. आमच्या वेळचे नियम आमच्या वेळी संपले.

प्रश्न: आमचे हे सुट्टीवर आलेत. पहाटे साडेचारला पळायला जातात, मास्क लावून. परवा पोलिसांनी नाक्यावर अडवलं, दोघांची बाचाबाची झाली. मी घाबरते ती दुसऱ्याच गोष्टीला, मास्कमध्ये पळून घरी आले की चेहरा लालभडक होतो. काय करावं?
(एक वहिनी, फलटण)

उत्तर: वहिनी, पळताना मास्क नको. जागतिक आरोग्य संघटनेनं जून २०२० मध्येच सांगितलंय की व्यायाम करताना मास्क लावू नये. घामाने तो भिजतो, श्वासाला अडतो. अंतर ठेवायचं, एवढंच. म्हणून एकट्याने पळायचं, डांबरी सोडून पाणंदीनं, आणि मास्क खिशात. माणूस दिसला, थांबून बोलायची वेळ आली की लावायचा.

पोलिसांचं म्हणाल तर ते बरोबर होते. २०२१ च्या कोरोना निर्बंधांच्या तिसऱ्या स्तरात मैदानं आणि फिरणं यांना पहाटे ५ ते सकाळी ९ ही वेळ दिली होती. यांनी साडेचारला निघायचं कारण नाही. ओळखपत्र दाखवून अर्ध्या तासाची सूट मागणं फौजीला शोभत नाही, हे त्यांना माझं नाव घेऊन सांगा. माउलींच्या पादुकासुद्धा २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षं एसटीने पंढरपूरला गेल्या, यांना पाच वाजेपर्यंत थांबायला काय झालं?

प्रश्न: उस्ताद, नाव छापू नका. मी हवालदार आहे, चाचणीला स्टॉपवॉच माझ्या हातात असतं. वर्षभरात निर्बंधांमुळे दोनदा चाचणी पुढे गेली. आता पोरांचे प्रमोशनचे कागद जायचेत. एकानं सुचवलंय की सगळ्यांच्या मागच्या वेळाच नव्या तारखेने लिहून टाकू, कुणाचं नुकसान नको. हेतू वाईट नाही. माझा हात मात्र होत नाही.

उत्तर: होऊ देऊ नकोस.

मागची वेळ लावायची असेल तर वरून तसा लेखी हुकूम येऊ दे, आणि कागदावर मागची तारीखच राहू दे. ‘अमुक तारखेची चाचणी, त्यानंतर निर्बंधांमुळे घेता आली नाही’, असं लिहिलेला कागद खरा असतो. वेळ जुनी आणि तारीख नवी, तो कागद खोटा. हेतूचा प्रश्नच येत नाही.

ज्या नाईकाला तू कागदावर ‘गुड’ देशील तो उद्या हवालदार होऊन सेक्शन कमांडर होणार. त्याच्या मागे नऊ माणसं चढणार. चढावर त्याचा दम गेला तर ती नऊ माणसं कुठं बघणार, तुझ्या रजिस्टरकडे?

२००५ मध्ये माझ्याच शेजारच्या गावचा एक पोरगा चार सेकंदांनी हुकला. चार. रेषेच्या अलीकडे त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा. आमच्या दोघांच्या आया एकाच बाजाराला जायच्या. मी होती ती वेळ लिहिली. तीन महिन्यांनी तो पुन्हा पळाला, आरामात पास झाला, पुढे नायब सुभेदारही झाला. जत्रेत भेटला की अजून राम राम करतो. चहाला बोलवत नाही. मीही बोलवत नाही, ते जाऊ दे.

चाचणी घ्यायची सोय मात्र बघता येते, आणि तिथं डोकं लाव. पन्नास जणांना एका रेषेवर कशाला उभं करायचं? पाच-पाच जणांच्या टोळ्या कर, दोन मिनिटांच्या अंतराने सोड, प्रत्येक टोळीचं घड्याळ वेगळं ठेव. वेळ घेणारे दोन जण जास्त लागतील, पण एका सकाळी कंपनी उरकते. रस्सीपाशी गर्दी होते, तिथं एका वेळी एकच माणूस. सॅनिटायझर लावून लगेच रस्सीला हात घालू देऊ नकोस. हात ओला, वर चिकट, आणि पोरगं अर्ध्यावरून घसरतं. साबणाने धुवायला लाव, हात कोरडे करू दे, मग चढू दे. नऊ फुटी खड्डा, साठ मीटरची दौड यांना तर मोकळी हवाच आहे. ‘घेता येत नाही’ म्हणून दोनदा पुढे ढकललेली चाचणी बऱ्याचदा घेता येण्यासारखी असते, फक्त पहाटे लवकर उठावं लागतं.

प्रश्न: माझा भाचा अमेरिकेच्या सैन्यात आहे, टेक्सासमधल्या छावणीत. त्याचंही प्रमोशन फिटनेसच्या गुणांवर अडलंय म्हणे. तिथं तर सगळ्या सोयी असतात ना? तुम्ही इकडच्याच गोष्टी सांगता, म्हणून मुद्दाम विचारते.
(एक मावशी, ठाणे)

उत्तर: मावशी, सोयी आहेत, पण त्यांची अडचण आपल्यापेक्षा मजेशीर झाली. त्यांची जुनी परीक्षा साधी होती: दोन मिनिटं दंड, दोन मिनिटं सिटअप आणि दोन मैलांची दौड, म्हणजे सव्वातीन किलोमीटरला थोडी कमी. ती बदलून सहा प्रकारांची नवी परीक्षा आणायचं ठरलं. त्यात जमिनीवरून जड वजन उचलायचं, डोक्यावरून मागे गोळा फेकायचा, स्लेज ओढायची, बारला लटकून गुडघे कोपरापर्यंत आणायचे आणि शेवटी दौड. तयारी करायची कुठे, तर जिममध्ये. आणि नेमक्या त्याच वर्षी जिमला कुलूप.

शेवटी त्यांनी मार्ग काढला. १ ऑक्टोबर २०२० पासून नवी परीक्षा अधिकृत झाली, पण त्या दिवशी ज्याच्या नावावर जुन्या परीक्षेचा पास शेरा होता त्याचा तो शेरा ३१ मार्च २०२२ पर्यंत धरायचा. भाच्याला विचारा, त्याची शेवटची जुनी परीक्षा कधी झाली आणि त्यात गुण किती. ते गुण चांगले असतील तर त्याचं काही अडलेलं नाही, तो तुम्हाला उगीच घाबरवतोय. कमी असतील तर मात्र खरंच अडचण आहे. वाढवून घ्यायला आता जुनी परीक्षाच होत नाही, आणि दोन वर्षांपूर्वीचा आळस आज अंगावर येतोय. तसं असेल तर त्याला सांगा, बारला लटकायचा सराव बागेतल्या झोपाळ्याच्या दांडीवरही होतो.

वर त्या हवालदाराला मी म्हणालो तेच त्यांनी केलं, हे लक्षात आलं का? जुने गुण चालवले, पण जुने म्हणूनच चालवले.

प्रश्न: माझ्या मुलाला डिसेंबरमध्ये २१ पूर्ण होतील. दोन वर्षं भरतीसाठी पळतोय. मेळावा होत नाही, झाला तर लेखी पुढे जाते. रात्री झोपत नाही. वय वाढवून मिळेल का? त्याला काय सांगू?
(एक आई, कोरेगाव तालुका)

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी सगळ्यात आधी वाचलं आणि उत्तर सगळ्यात शेवटी लिहायला घेतलं.

जनरल ड्युटीच्या (साध्या शिपायाच्या) भरतीसाठी साडेसतरा ते एकवीस, हीच मर्यादा २०२१ मध्ये लागू होती. ती वाढावी असं मलाही वाटतं, दोन वर्षं पोरांनी खाल्ली नाहीत, आजाराने खाल्ली. पण हे लिहिताना माझ्यासमोर तसा आदेश नाही, आणि नसलेल्या आदेशावर पोराला पळवू नका. आपल्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं पडली, तिथं फौज म्हणजे घरचाच धंदा. अशा मुलखातल्या पोराला ‘फौज नाही तर काय’ हे सुचतच नाही. आईने सुचवावं लागतं.

पळणं सोडू नये. १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आलं तर ६० गुण, एक सेकंद जरी वर गेला तरी पावणेसहापर्यंत ४८. बारा गुणांचा फरक एका सेकंदावर, म्हणून त्याने सव्वापाचची तयारी ठेवावी. दहा बीम (दांडीला लटकून अंग वर ओढणं) काढले तर ४० गुण. डिसेंबरपर्यंत मेळावा लागला तर तो तयार असेल. त्याच बरोबर पोलीस भरतीचा अभ्यास आजपासून सुरू. तिथं खुल्या गटाला २८ पर्यंत वय चालतं, आरक्षित गटाला त्याहून जास्त, आणि पळालेलं वाया जात नाही. पदवीला नाव नसेल तर मुक्त विद्यापीठात घाला.

रात्री झोपत नाही म्हणता ते मला जास्त खटकलं. त्याला रविवारी माझ्याकडे पाठवा, पत्ता संपादकांकडे आहे. पळायला नको, नुसता जेवायला.

प्रश्न: व्यायामशाळा बंद, पलटण लांब, सुट्टी संपायला महिना. रस्सी चढायचा सराव घरी कसा करू?
(एक लान्सनाईक, जत)

उत्तर: तुमच्याकडे विहीर आहे की नाही? रहाट काढून ठेवा आणि आठवडाभर घरचं पाणी हाताने शेंदा. काठावर पाय घट्ट, पाठ ताठ, एकावर एक हात. रस्सी चढताना जे स्नायू लागतात ते सगळे यात येतात, आणि म्हशींचंही भागतं. आमच्या पिढीला रस्सी कुणी शिकवली नाही, आम्ही शेंदूनच भरती झालो. सुरुवातीला घागर अर्धी ठेवा, तळवे सोलतात. सोललेले तळवे घेऊन चाचणीला गेलात तर रस्सी हातात धरवणार नाही, म्हणून शेवटच्या आठवड्यात शेंदणं बंद.

त्याशिवाय आंब्याच्या फांदीला जाड कासरा बांधा, आधी फांदीला तिघांनी लोंबकळून बघा. कासऱ्याला गाठी मारू नका. गाठीवर पाय ठेवून कुणीही वर जातो आणि चाचणीच्या रस्सीला गाठ नसते. पायाने रस्सी पकडायची पद्धत आधी जमिनीवर बसून शिका: उजव्या पायावरून रस्सी घ्यायची आणि डाव्या तळव्याने ती दाबायची. पाय धरायला लागले की हातांचं काम निम्मं होतं. उतरताना घसरत येऊ नका, हातावर हात घेत या.

आणि शेंदायला लागण्याआधी घरात सांगून ठेवा की आठवडाभर मोटर बंद आहे. नाहीतर वहिनी बटण दाबतील, टाकी भरेल, आणि तुम्ही काठावर घागर घेऊन उभे.